आधी परत यायला शिकव

रोचेस्टर, मिनेसोटा
मे अखेर

चि. बंड्यास,


बोट घेतल्याची बातमी मला तुझ्याआधी तुझ्या लेकीकडून कळली. फोटो आले, व्हिडिओ आले, इंजिनावरचा 115 चा आकडा जवळून काढून आला आणि खाली एक ओळ: ‘आत्या, मी चालवणार आणि बाबा स्कीवर.’ परवा फोनवर तू वेगाचंच विचारत होतास. किती मैलांवर माणूस उभा राहतो, किती मैलांवर पडतो. मी हूं हूं करत राहिले, कारण मला जे सांगायचं होतं ते फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच ‘बरं बरं, कळलं’ म्हणाला असतास. पत्राला मधेच ‘कळलं’ म्हणता येत नाही.

आईला इतक्यात काही बोलू नकोस. सांगलीला बसून तिला ‘पोरीच्या हातात बोट’ एवढंच ऐकू जाईल आणि कृष्णेचे सगळे पूर तिला एकदम आठवतील. फोन मला येतील, तुला नाही.

अण्णांनी तुला पोहायला कसं शिकवलं ते तू अजून पाहुण्यांना रंगवून सांगतोस. मळ्यातली विहीर, पाठीला पत्र्याचा डबा, तू पायरी घट्ट धरून बसलेला आणि मागून आलेला तो धक्का. नाकातोंडात पाणी गेलं, गाव गोळा होईल इतका ओरडलास आणि पुढच्याच आठवड्यात वरून सूर मारायला लागलास. त्या शाळेबद्दल माझी काही तक्रार नाही, मीही तिथलीच. पण तोच हिशेब तू इथे लावणार असशील, की दे स्टिअरिंग, चुकेल आणि शिकेल, तर थांब. विहिरीत जो शिकत होता त्याच्याच नाकात पाणी जात होतं. इथे शिकणारी कोरडी बसणार आणि तिची चूक तुझ्या खांद्यावर, गुडघ्यावर, मानेवर उमटणार. चौदा वर्षांच्या मुलीनं स्वतः पडून शिकावं, जरूर शिकावं. पण बाप पडल्यावर शिकायचं म्हटलं की ती एक तर हबकते, नाही तर हसण्यावारी नेते, आणि बोटीवर दोन्ही वाईट.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. तिला ओढायला शिकवण्याआधी परत यायला शिकव. स्की करणारा माणूस पाण्यात पडल्यावर वळून त्याच्यापर्यंत येणं, शेजारी थांबणं आणि त्याला वर घेणं हे तिला डोळे झाकून जमेपर्यंत बोटीला दोर बांधूच नकोस. कुणालाही ओढत सरळ नेणं दुपारभरात येतं.

आमच्या घरापासून तासाभराच्या आत लेक सिटी आहे, पेपिन तळ्याच्या काठावर. तळं म्हणायचं, पण ती मिसिसिपीच आहे, तिथे फुगून 22 मैल लांब आणि दोन मैलांपर्यंत रुंद झालेली. गावात शिरताना पाटीवरच सांगतात की वॉटर स्कीइंग इथे जन्मलं. 1922 च्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युएलसन नावाच्या पोरानं आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही बुडाल्या. मग लाकडाच्या वखारीतून आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद पाइनच्या दोन फळ्या आणल्या, त्यांची टोकं आईच्या तांब्याच्या हंड्यात उकळून वर वाकवली, खिडकीच्या सरकत्या तावदानांना लावतात तसला शंभर फूट दोर घेतला आणि लोहाराकडून लोखंडी कडी करून त्याच्या टोकाला अडकवली. 2 जुलैला तो पाण्यावर उभा राहिला. मागे रेलायचं आणि स्कीची टोकं पाण्याच्या वर ठेवायची, एवढी एक गोष्ट सापडायला काही दिवस गेले होते. दुसऱ्या दिवशी त्याला एकोणीस पुरी झाली. पेटंट त्यानं घेतलंच नाही. ते 1925 मध्ये दुसऱ्यानं घेतलं. अमेरिकेच्या वॉटर स्की संघटनेनं त्याला या खेळाचा जनक मानलं ते 1966 मध्ये.

आणि बोट कोण चालवत होतं? त्याचा भाऊ, बेन. त्याचं नाव गोष्टीत एका वाक्यापुरतं येतं. मला मात्र तिथे गेलं की त्याचाच विचार येतो. राल्फ जितक्या वेळा बुडाला तितक्या वेळा कुणीतरी ती जड बोट वळवून आणली असणार, त्याच्या अंगावर न घालता थांबवली असणार, दोर पुन्हा त्याच्या हातात दिला असणार, आणि ‘पुरे झालं आता’ असं म्हटलं नसणार. तुझ्या लेकीनं राल्फ व्हावं की नाही ते तिचं ती बघेल. तिला बेन करणं तुझ्या हातात आहे.

आता कामाचं.

पहिल्या दिवशी दोर आणि स्की काठावरच राहू देत. पाण्यावर दोन रिकाम्या दुधाच्या कॅनना दोरी आणि दगड बांधून सोड आणि त्यांच्यामध्ये तिला अगदी हळू, इंजिन नुसतं गुरगुरत असताना बोट फिरवू दे. तिला गाडीची सवय नाही हे उत्तम. आपल्यासारख्यांना ती असते आणि तीच नडते. गाडीचं पुढचं तोंड वळतं आणि मागचं मुकाट मागे येतं. बोटीचं उलटं. पंखा मागे, म्हणून ढकलला जातो तो मागचा भाग. डॉकला लागून उभी असताना तू स्टिअरिंग डॉकपासून लांब फिरवलंस आणि थ्रॉटल दिलास, की पुढचं टोक बाहेर जातं आणि मागचं धाडकन डॉकवर बसतं. शिवाय ब्रेक नाही. न्यूट्रल केली तरी बोट आपल्या मनाप्रमाणे पुढे जात राहते, आणि पंखा फिरत नसला की तुमच्या इंजिनाला स्टिअरिंगही धड लागत नाही. हे तिला सांगू नकोस, होऊ दे. चाक फिरवलं की बोट ऐकायला क्षणभर घेते. तेवढ्यात पोरं घाबरून आणखी फिरवतात, मग उलट फिरवतात, आणि बोट दारुड्यासारखी चालते. थोडं फिरव आणि वाट बघ, एवढंच तोंडानं म्हण. तिच्या हातावर हात ठेवू नकोस. तुला राहवणार नाही, मला माहीत आहे.

मग एक लाइफ जॅकेट पाण्यात टाक आणि म्हण, ‘हा बाबा. आण.’

या खेळात तिचा दिवस जाऊ दे. जॅकेट नेहमी तिच्या बाजूला आलं पाहिजे. म्हणजे तुमच्या बोटीत स्टिअरिंग उजवीकडे आहे, तर उजवीकडेच, तिच्या नजरेत. डावीकडे घेतलं तर शेवटचे दहा फूट तिला ते बोटीच्या काठाआड दिसणारच नाही आणि तेच दहा फूट महत्त्वाचे. वारा असला तर वाऱ्याच्या तोंडावर यायचं, म्हणजे थांबल्यावर वारा बोटीला जॅकेटपासून दूर ढकलतो. वारा पाठीशी घेऊन आलं तर थांबलेली बोट हळूहळू त्याच्यावर चढते. बोटीला कळत नाही की खाली कोण आहे. जवळ आली की न्यूट्रल. आणि जॅकेटला हात लावायच्या आधी किल्ली बंद. न्यूट्रल चालणार नाही, बंदच पाहिजे. शिडीवर पाय ठेवणारा माणूस आणि फिरू शकणारा पंखा यांच्यात फक्त एक दांडा असता कामा नये, ज्याला तुझ्या धाकट्या लेकाचं कोपर लागू शकतं. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसायचं नाही, हेही त्यातच आलं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साठतो, त्याला वास नाही, रंग नाही.

हे जॅकेट आणणं कंटाळवाणं आहे. ती म्हणेल, ‘झालं की आता!’ तू म्हण, आणखी एकदा.

मग दोर. खरा दोर 75 फुटांचा असतो, पण आधी तो नुसता मागे सोडून तिला जॅकेटभोवती वळसा घालू दे. गंमत अशी की पडलेल्या माणसापर्यंत बोटीला जावंच लागत नाही, दोर जायला हवा. सावकाश मोठा वळसा घातला की दोर पाण्यावर आपोआप आत आत येत जातो आणि मूठ माणसाच्या हाताशी येऊन लागते. लहान वळसा घेतला तर दोर स्वतःच्याच पंख्यात. पंख्यात अडकलेला दोर सोडवायला दाजी एकदा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून जे काही बोलले ते मी इथे लिहीत नाही.

माणसाला घेऊन सुरुवात करताना तिचा हात बघ. मागे माणूस पाण्यात बसलाय, गुडघे छातीशी, स्कीची टोकं वर, दोर दोन्ही स्कींच्या मधून. ती बोट गिअरमध्ये टाकते, लगेच काढते, पुन्हा टाकते. ढिला दोर पाण्यावरून सरळ होत येतो आणि ताणला जाताना त्याच्यातून पाण्याचे बारीक थेंब उडतात, पिळल्यासारखे. ते थेंब दिसले की दोर तयार. पण ते मागे बघत बसलेल्या माणसानं, म्हणजे निरीक्षकानं, बघायचं आणि सांगायचं. तिनं पुढे बघायचं. मग पाण्यातून ओरडा येतो. इथे सगळे ‘हिट इट’ म्हणतात, तेच ठेवा. ‘गो’ ठेवू नका, इंजिनच्या आवाजात ते ‘नो’सारखंच ऐकू येतं. आणि मग थ्रॉटल: झटका नको, पण चाचपडतही नको. झटका दिला तर तुझ्या हातातून मूठ निसटते किंवा खांदा बोलतो. घाबरत घाबरत दिला तर तू बाहेर न येता पाण्याखालून ओढला जातोस आणि अर्धं तळं पितोस. एका दमात, पण मऊ. माणूस वर आला की लगेच थोडा मागे घ्यायचा. हे पोरं विसरतात, कारण वर आला याचाच आनंद झालेला असतो.

वेगाचं विचारत होतास ना? लहान मुलाला ताशी 15 मैल पुरतात, तुझ्या वजनाला दोन स्कीवर 20 ते 25. त्याच्यावर जायला तू अजून कोण आहेस?

बोटीचं नाक सुरुवातीला वर उठतं आणि तेवढा वेळ समोरचं दिसत नाही. ती बुटकी आहे, आपल्या घराण्यावर गेली. सीटखाली घट्ट बसणारी उशी घाल आणि निघायच्या आधी समोरचं पाणी रिकामं आहे हे तिच्या तोंडून वदवून घे. मग सरळ लांब रेघ, टोकाला छोटा गोल वळसा आणि त्याच रेघेवर परत. सारखं गोल गोल फिरलं की आपल्याच लाटा आपल्याला परत भेटतात आणि स्कीवाला त्यांत आपटतो.

सगळ्यांत अवघड सवय म्हणजे मागे न बघणं. बाप मागे पाण्यावर उभा आहे, जन्मात पहिल्यांदा, आणि पोरीनं पुढे बघत राहायचं! आमच्या थोरल्याचं पहिल्या उन्हाळ्यात हेच होत असे. मान मागे वळली की चाकही त्याच बाजूला वळायचं आणि त्याला कळायचंच नाही. मागे बघायला दुसरं माणूस असतं. मिनेसोटात कायद्यानंच चालवणाऱ्याखेरीज स्कीवाल्यावर नजर ठेवणारं आणखी एक माणूस बोटीत लागतं, नाही तर रुंद दिसणारा आरसा. तुमच्या बोटीला आरसा असला तरी माणूस ठेव. ते माणूस सुरुवातीला माझी भावजय असू दे, धाकटा नको. धाकटा अंगठ्यांच्या खुणा पाठ करेल: वर म्हणजे वाढव, खाली म्हणजे कमी कर, डोक्यावर थाप म्हणजे डॉककडे, गळ्यावरून हात फिरवला की इंजिन बंद. पण बाप पडला की तो खिदळायला लागेल आणि सांगायचं विसरेल. पडल्यावर माणसानं दोन्ही हात डोक्यावर जुळवायचे, म्हणजे मी ठीक आहे. ही खूण आली नाही तर काहीतरी लागलंय असं धरूनच जायचं. त्याची वाट बघत तर्क करायचा नाही.

आणि पडलास की तिनं काय करायचं? इथे तळ्यावर तुला रोज उलटं दिसेल. माणूस पडला की बोटवाले पूर्ण वेगात गरकन वळतात, तुषार उडवत. सिनेमात छान दिसतं. त्यानं सगळीकडे लाटा उसळतात, शेजारच्या बोटी शिव्या घालतात आणि पाण्यात डोकं एवढंसं दिसत असलेल्या माणसाकडे तुम्ही सर्वांत जास्त वेगात, सर्वांत कमी दिसत असताना जाता. तिनं आधी थ्रॉटल मागे घ्यायचा, पण एकदम शून्यावर नाही, नाही तर बोटीची स्वतःचीच लाट मागून आत येते. बोट बसली की वळायचं, त्याच रेघेनं, हळू. तोवर निरीक्षक हाताचं बोट पडलेल्याकडे रोखून धरतो, नजर न हलवता. पाण्यातल्या माणसानं एक स्की उभी धरायची, म्हणजे दुसऱ्या बोटींना दिसते. या परत येण्यात दीड-दोन मिनिटं जातात आणि ती फार लांब वाटतात. तिला तेवढा वेळ शांत बसता येतं का, हे मला बघायचंय. तिच्या वर्गातल्या मार्कांपेक्षा मी त्यावरून ठरवीन की तिला चालवता येतं.

कायद्याचं थोडक्यात. धाकटा अकराचा आहे. 75 अश्वशक्तीच्या वरच्या बोटीचं स्टिअरिंग बारा वर्षांखालच्या मुलाला देता येत नाही, तू शेजारी चिकटून बसलास तरी नाही. त्यानं कितीही तोंड पाडलं तरी त्याला या वर्षी फक्त बोटीच्या बुडाचं बूच लावण्याचं काम. लेकीनं परवाना काढायचा. अभ्यासक्रम ऑनलाइन आहे, शेवटी परीक्षा. 1 जुलै 2025 पासून हा नियम मोठ्यांनाही लागू झालाय, पण टप्प्याटप्प्यानं, आणि 2028 मध्येसुद्धा तो 1987 च्या मध्याआधी जन्मलेल्यांपर्यंत येत नाही. म्हणजे तू सुटलास. कागदावर तुझी पोरगी तुझ्याहून शिकलेली असणार. तिच्या शेजारी बसून तूही तो अभ्यासक्रम कर, चार प्रश्न तुला येणार नाहीत आणि ते तिला बघू दे. सूर्य मावळल्यानंतर अर्ध्या तासापासून पुन्हा उगवेपर्यंत स्की करायची नाही. तसंही पाणी सकाळी सहाला काचेसारखं असतं. तेव्हा उठायची तयारी ठेवा. आणि किल स्विचचं लाल वेटोळं तिच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेलं असल्याशिवाय इंजिन चालू होणार नाही, हा आपल्या घरचा कायदा. वेगात असताना ते लावण्याची सक्ती 2021 पासून केंद्र सरकारनंही केली आहे, 26 फुटांखालच्या बोटींना. चालवणारा बाहेर फेकला गेला तर रिकामी बोट सरळ जात नाही. पंख्याच्या जोरानं तिचं चाक एका बाजूला वळतं आणि ती गोल फिरत त्याच माणसाकडे परत येते.

पेपिनवर मात्र या वर्षी आणू नका. तिथे बार्ज जातात, वारा दुपारी कधी उठेल सांगता येत नाही. 1890 च्या जुलैत त्याच तळ्यावर वादळात ‘सी विंग’ नावाची बोट उलटली आणि 98 माणसं गेली. तुमचं ब्रेनर्डकडचं तळं लहान आहे, शनिवारी दुपारी सोडलं तर शांत आहे, तेच बरं.

तू स्वतः दोराच्या टोकाला जा. दाजींना किंवा तिच्या मैत्रिणीच्या दादाला आधी उभं करू नकोस. तिला शिकवणारा माणूस एकदा तिच्या हवाली झाला पाहिजे, आणि पाण्यात गेल्यावर तुला बोलता येत नाही हा यातला मोठा फायदा आहे. तू तिथून फक्त अंगठा वर किंवा खाली करू शकतोस. बोटीत तिच्या शेजारी माझी भावजय मागे बघत बसेल आणि पुढचं सगळं तिचं. एक गोष्ट मात्र आधीच दोघांत ठरवा: ‘आज नको’ म्हणायचा हक्क चालवणाऱ्याचा. वारा वाढलाय, तळ्यावर गर्दी आहे, मला आज नीट वाटत नाही, काहीही कारण असो, ती किल्ली काढेल आणि कुणी तोंड वाकडं करणार नाही. चौदाव्या वर्षी बापाला ‘आज नको’ म्हणणं सोपं नसतं, विशेषतः तो नवा वेटसूट घालून पोट आत ओढून उभा असताना.

आम्ही 15 जूनच्या आत एकदा नक्की येतो. दाजी येताना जुना दोर आणतील, तो घेऊ नकोस. उन्हानं कडक झालाय, नवा घे. निघताना ट्रेलरवरून पाण्यात सोडायच्या आधी बूच लाव, बाहेर काढल्यावर काढ आणि ते काढलेलंच असू दे. झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून रस्त्यावर बूच लावलेली बोट दिसली तर इथे दंड आहे. मुलीला सांग, मला तिचं जॅकेट आणणं बघायचंय, उजव्या बाजूनं, इंजिन बंद करून. मग मी स्वतः पाण्यात उतरेन. माझं वजन बघता 20 मैल पुरणार नाहीत, पण मला तेवढेच हवेत.

तुझी,
ताई

ता. क. अग्निशामक डब्यावरची तारीख बघ. जुन्या बोटीबरोबर येतो तो बहुधा शोभेचाच असतो.